टॅली

बंदूक फुकट आली होती,
बाबांच्या मामेसासऱ्यांच्या मृत्युपत्रातून,
चामड्याच्या खोळीत, तेलाच्या वासासकट.
तिचं पोट भरणं मात्र आमच्याकडे.

बाबा गोदीत टॅली क्लार्क. दामोदर धैर्यवान.
आडनावाला माझगावभर हसायचे.
दिवसभर खोकी मोजायची:
जहाजातून उतरली किती, गोदामात पोचली किती,
मधल्या फरकाला म्हणायचं शॉर्टेज.
हा शब्द ते घरीही वापरत, साखरेच्या डब्यासमोर.

पगाराच्या शनिवारी बोरा बाजार.
हातिमभाईंच्या दाराला दोन कुलपं,
आत काचेखाली हिरवी बनात
आणि तिच्यावर ओळीनं काडतुसं.
मला वाटलं, लिपस्टिका.

"धैर्यवानशेठ, खडकीची सव्वा रुपया.
विलायती साडेचार. इंपोर्ट बंद झाला,
हा जुना माल हाय, मी कोणाला दाखवत नाय."
प्रत्येकाला दाखवायचे.

बाबांनी पाकीट काढलं नाही, पेन्सिल काढली.
मटण सहा रुपये किलो.
भेकराचं बारा किलो धरू.
त्यातून बुधा हिलमचा वाटा, ट्रकवाल्याचा वाटा,
जंगल खात्याची फी,
शेजारच्या दोन खोल्यांत द्यावंच लागणार,
उरेल त्याला भागिले गोळ्या.
एकीत पडलं तर विलायतीही परवडते.
तीन लागल्या तर खडकीचीही नाही.
"मग एकीतच पडेल अशी कोणती?"
हातिमभाईंनी चष्मा काढून पुसला.
"ती दुकानात नाय शेठ. ती तुमच्या खांद्यात."

काउंटरखाली एक डबा होता,
कुठल्याशा संस्थानाच्या लिलावातला,
पितळ काळवंडलेलं, आठ आण्याला एक.
"हिचा टोक कडक. आरपार जाते.
जनावर पळतं, लांब जाऊन मरतं.
नरम टोकवाली आत फुलते. अशी."
आणि त्यांनी मूठ उघडून दाखवली,
अगदी हळू, एकेक बोट.

बाबांनी पाच घेतल्या.
चार खडकीच्या.
एक काउंटरखालची, नेम तपासायला.
लायसनवर शिक्का: पाच.

आई बाळंतपणाला गेलेली, म्हणून मला नेलं.
तानसाच्या वरच्या अंगाला, उजाडायच्या आत,
ट्रकच्या फळीवर झोपून.
बुधानं एका झाडाला कोळशानं गोल काढून दिला,
"मारा, बघू कुठं लागती."
बाबांनी गोळी भरली, गालाला दस्ता लावला,
थांबले.
झाडावर आठ आणे घालवणं त्यांना जमेना.
तीच गोळी तशीच आत राहिली.

भेकर भुंकलं. कुत्र्यासारखं, पण एकटं.
मग आवाज झाला
आणि माझ्या कानात दुपारपर्यंत शिट्टी.

रक्त होतं. पानावर थेंब, दगडावर थेंब,
पुढे वीस पावलं काहीच नाही, मग परत.
बुधा वाकून चालायचा, बाबा त्याच्या मागे,
मी बाबांच्या मागे पाण्याची बाटली घेऊन.
बाबा थेंब मोजत होते. मला ऐकू येत नव्हतं,
ओठ दिसत होते.
करवंदीच्या जाळीपाशी बुधा उभा राहिला.
"हाय इथंच कुठंतरी. पण आता गावायचं न्हाई."

उरलेल्या चार परत करायला गेलो.
हातिमभाई म्हणाले, काडतूस परत घेत नाय, नियम हाय.
मला लिमलेटची गोळी दिली.

त्यानंतर बंदूक फक्त निवडणुकीला बाहेर पडली:
भायखळ्याच्या चौकीत जमा, पावती,
निकाल लागला की परत.
मग कायदा आला, शिकारच बंद झाली.
बाबांनी पेपर घडी करून ठेवला
आणि त्या दिवशी दोनदा चहा मागितला.

ते गेल्यावर लायसन रद्द करायला मीच गेले.
हवालदारानं टेबलावर चार उभ्या केल्या,
वही बघितली, पुन्हा मोजल्या.
"बाई, यात पाच लिहिल्यात. एक कुठंय?"

करवंदीच्या एका जाळीपर्यंत
मला माहीत आहे.